वेदनेला चुंबकाचा उतारा?

शस्त्रक्रिया झालेल्या आप्ताच्या उशाशी ज्याने इस्पितळात एक रात्र काढली आहे, त्यास वेदना म्हणजे काय हे सांगावयास नको. गुंगी उतरते, टाक्यांची कळ जागी होते, रुग्ण कूस बदलू पाहतो आणि ती बदलवत नाही. परिचारिका एक आणि खाटा अनेक. ‘सकाळी डॉक्टरसाहेब आले की सांगू,’ एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी कोणी हितचिंतक चुंबकाचा पट्टा आणून देतो. ‘बांधून तर पाहा, अपाय काही नाही,’ म्हणतो आणि घरची माणसे तो बांधतात. त्यांस हसण्याचा अधिकार कोणासही नाही. बुडत्याला काडीचा आधार हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु त्या काडीचा व्यापार करणाऱ्यांस, आणि तिलाच होडी समजून रुग्णाच्या हाती देणाऱ्या संस्थांस, चार प्रश्न विचारणे हे मात्र आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

चुंबकोपचाराचे पुरस्कर्ते सांगतात की रक्तात लोह आहे, चुंबक लोहास ओढतो, सबब पट्टा बांधताच रक्ताभिसरण वाढते आणि वेदना शमते. युक्तिवाद ऐकावयास सोपा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. रक्तातील लोह म्हणजे खिळ्यातील लोखंड नव्हे. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बद्ध असते. प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनास तर चुंबक ओढीत नाही, उलट किंचित दूर लोटतो, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ सालीच दाखवून दिले. एमआरआय तपासणीच्या यंत्रातील चुंबक सामान्यतः १.५ किंवा ३ टेस्लाचा, म्हणजे बाजारातील पट्ट्याहून कितीतरी पटींनी प्रबळ असतो. त्या यंत्रात अर्धा तास पडून आलेल्या रुग्णाची जुनी पाठदुखी पळाली, असे कोणी ऐकले आहे काय?

तथापि वैद्यकात केवळ तर्कावर निकाल देणे न्याय्य नव्हे. प्रयोगास विचारले पाहिजे. प्रयोगाचा पहिला कौल चुंबकाच्या बाजूने पडला होता, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पोलिओनंतरच्या वेदनांनी पीडित अशा ५० रुग्णांवर झालेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. ४५ मिनिटांच्या उपचारानंतर खरे चुंबक लावलेल्यांपैकी ७६ टक्क्यांस, तर खोटे लावलेल्यांपैकी १९ टक्क्यांसच आराम वाटला. पुरस्कर्ते आजही याच प्रयोगाचा दाखला देतात. परंतु पुढे काय झाले, ते सांगत नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना होत असलेल्या १६५ रुग्णांची निवड करण्यात आली. काहींच्या जखमेजवळ खरे चुंबक, काहींच्या जवळ नकली, दोन तास ठेवण्यात आले. कोणास काय लावले, हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यासही नव्हते. वेदना कमी झाली नाही. मॉर्फिनची गरजही घटली नाही. त्याच वर्षी कॅनडाच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा छापला. स्थिर चुंबकाने वेदना शमते यास आधार सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. केवळ सांध्यांच्या झिजेविषयी त्याने निर्णय राखून ठेवला.

मग ज्यांस बरे वाटते ते खोटे बोलतात काय? मुळीच नाही. याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. एलायशा पर्किन्स नामक अमेरिकन वैद्याने धातूच्या दोन अणकुचीदार कांड्यांचे पेटंट १७९६ साली घेतले होते. त्या दुखऱ्या जागेवरून फिरविल्या की वेदना निघून जाते, अशी त्यांची ख्याती इंग्लंडपर्यंत पोचली. जॉन हेगार्थ या डॉक्टराने १७९९ साली बाथ येथील इस्पितळात लाकडाच्या हुबेहूब कांड्या रंगवून घेतल्या आणि संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरविल्या. पाचांपैकी चौघांस आराम वाटला! दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या फिरविल्या, तेव्हाही फळ तेच. आराम कांडीत नव्हता. कोणीतरी आपली विचारपूस केली, दुखऱ्या जागी हात लावला, ‘आता बरे वाटेल’ असे सांगितले, यात तो होता.

चुंबकशक्ती वैद्यकास निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. न जुळणाऱ्या हाडांसाठी स्पंदित विद्युत्चुंबकीय क्षेत्राच्या उपचारास अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली. मस्तकावर विद्युत्कुंडल ठेवून नैराश्यावर करावयाच्या उपचारासही तेथे २००८ साली मान्यता मिळाली. परंतु त्या यंत्रांत क्षणोक्षणी बदलणाऱ्या क्षेत्रामुळे शरीरात सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. पट्ट्यातील निश्चल चुंबक तसे काही करीत नाही. दोहोंस एकाच नावाने विकणे ही शुद्ध दिशाभूल होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या उपचारास ‘पूरक’ असे गोंडस विशेषण लावले जाते. पूरक, पण कशास? पूरक म्हणावयाचे तर आधी मूळ वस्तू हवी. आमच्या किती वॉर्डांत रुग्णास ‘शून्य ते दहा यांत तुमची वेदना किती?’ असे दर पाळीस विचारून कागदावर लिहिले जाते? कळ असह्य होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध किती ठिकाणी दिले जाते? खोकताना टाक्यांवर उशी धरावी, एवढे तरी किती जणांस शिकवितात? अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे इतके जिकिरीचे झाले की अनेक इस्पितळांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली तो कायदा सुधारून सुलभ करण्यात आला. पण कर्करोगाने तळमळणाऱ्या कितीतरी रुग्णांपर्यंत ते औषध अद्यापि पोचत नाही. जेथे अन्नच वाढलेले नाही, तेथे लोणचे वाढून पंगत उठविण्याचा हा प्रकार आहे. पट्टा बांधला की घरच्यांस काहीतरी केल्याचे समाधान मिळते, इस्पितळावरची टोचणी जाते आणि रुग्णाची कळ जेथल्या तेथे राहते. या उपचाराचा खरा अपाय तो हाच.

दुसराही अपाय आहे. हृदयाचे ठोके नियमित करणारे यंत्र ज्याच्या छातीत बसविले आहे, त्याच्या जवळ प्रबळ चुंबक आला तर त्या यंत्राची चाल बदलते. धक्का देऊन प्राण वाचविणारे यंत्र असेल तर ते तेवढ्यापुरते निकामी होऊ शकते. ‘अपाय काही नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याने हे कधी विचारले आहे काय? ताईत आणि कवच यांच्या बळावर रोग बरे करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई केली. ताईताच्या दोऱ्याची जागा वेलक्रोच्या पट्ट्याने घेतली, म्हणून तो विज्ञान ठरत नाही.

यास्तव आमचे वाचकांस एवढेच सांगणे आहे. आपला माणूस खाटेवर कण्हत असेल, तर पट्ट्याच्या दुकानाकडे धाव घेण्यापूर्वी डॉक्टरांसमोर उभे राहा. ‘याच्या वेदनेसाठी काय देत आहात, किती वेळाने देत आहात आणि रात्री ती वाढली तर कोणास उठवावयाचे?’ हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. मग त्याच्या उशाशी बसा, हात हाती घ्या. हेगार्थच्या लाकडी कांडीत जे होते, ते त्या हातात आहे. आणि त्यास दाम पडत नाही.