विलंब कोणाचा, भुर्दंड कोणाला?

अमेरिकेत घरकर्जाचा मान्य झालेला व्याजदर ‘रेट लॉक’ करून सामान्यतः ३० ते ६० दिवस गोठवता येतो. व्यवहार त्या मुदतीत पुरा व्हावा लागतो. २०२२ साली तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारीतील सव्वातीन टक्क्यांवरून ऑक्टोबरात सातच्या वर गेला, तेव्हा या मुदतीचे मोल कळले. सहाचे सात टक्के झाले, की तीन लाख डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १९७ डॉलरने वाढतो, आणि तोही तीस वर्षे! म्हणून मुदतवाढ आधीच, लेखी मागावी. कर्जदाराने कागद उशिरा दिले असतील, तर शुल्क त्यानेच भरावे. परंतु छाननी बँकेच्याच टेबलावर रेंगाळली असता ते ग्राहकाच्या माथी मारणे हा उघड अन्याय होय. ही अट दर गोठवतानाच लिहून घ्यावी. अखेरच्या आठवड्यात घासाघीस करण्याजोगे त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.