ओघळ कुठे थांबवायचा?

मागच्या पावसाळ्यात नात्यातल्या एका मंगनीसाठी आम्ही केकस्टँड करून द्यायचे कबूल केले. लाकडी पाटावर पांढरे रेझिन आणि कडेवरून उतरणारे सोनेरी ओघळ. पैसे आगाऊ घेतले होते. रात्री ओतून झोपलो. सकाळी पाहतो तर एकही ओघळ अर्ध्यावर थांबला नव्हता. सगळे खालच्या वर्तमानपत्रावर, आणि स्टँड कागदाला चिकटलेले. सामान वाया गेले ते गेलेच, पण फोन करून सांगताना जी लाज वाटली ती वेगळीच.

चूक इतकीच, की मिसळल्या मिसळल्या ओतले. रेझिन वाळत नाही. हार्डनरशी क्रिया होऊन हळूहळू घट्ट होते. तेव्हा ओघळाची लांबी ठरते ती ओतण्याच्या वेळेवरून. आता आम्ही साखरेच्या पाकासारखी परीक्षा घेतो. काडी उचलली की धार मधासारखी जाड, रेंगाळत पडली पाहिजे. थंडीत याला उशीर लागतो, उन्हाळ्यात घाई होते. थांबायचे म्हणून कप भरून मात्र ठेवू नका; जास्त मिश्रण एकत्र राहिले की तापते आणि एकाएकी गोठते. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवणे तर अजिबात नको, काम कायमचे चिकट राहते. डब्यावरचे प्रमाण तेच प्रमाण.

वरचा थर आदल्या दिवशी घालावा. दुसऱ्या दिवशी कडेला हलका सँडपेपर मारून, पुसून, काडीने थेंब सोडावेत. लांब ओघळाला जास्त, आखूडला कमी. थेंब सोडल्यावर दहा मिनिटे नुसते बघा, तो अजून उतरत असतो. बुडबुड्यांसाठी गरम हवा मारायची सवय असेल तर इथे आवरा. उष्णतेने रेझिन पातळ होऊन ओघळ पळतो.

स्टँड चार कपांवर उचलून ठेवा आणि तळाच्या कडेला आधीच मास्किंग टेप लावा. पहिला तासभर खाली लोंबणारे थेंब अधूनमधून काडीने निपटा. रेझिन रबरासारखे असतानाच टेप काढा.

हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. काहींच्या कातडीला याची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही. केकखाली पुठ्ठ्याची चकती ठेवायला सांगा.

मंगनीला दुसरे स्टँड वेळेवर पोचले. मागचे दोन ओघळ तळापर्यंत गेले होते. ती बाजू आम्ही भिंतीकडे केली.