विहाराचे कुलूप दर रविवारी उघडा

महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्यावे, या मागणीसाठी १२ फेब्रुवारी २०२५ पासून बोधगयेत आंदोलन सुरू झाले. महाराष्ट्रातही मोर्चे निघाले. मागणी रास्त आहे. १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत बौद्ध सदस्य चारच ठेवले आहेत. पण महाविहार मागणारे आपण आपल्या गावातले विहार कितीदा उघडतो? हिमायतनगर तालुक्यातील तरुणांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. जयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन सोडले तर अनेक विहारांना कुलूपच दिसते.

अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याचा मंत्री वस्सकार तथागतांकडे आला. तथागतांनी सैन्याची चौकशी केली नाही. आनंदाला सात प्रश्न विचारले, त्यातला पहिलाच होता : वज्जी वारंवार सभा भरवतात का? दुसरा : ते एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का? हे चालू आहे तोवर वज्जींची हानी नाही, असे तथागत म्हणाले. पुढे वस्सकाराने त्यांच्यात फूट पाडली आणि वज्जी हरले, असे अट्ठकथा सांगते. गटातटांत विभागलेल्या आपल्या चळवळीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

एकोपा फक्त संकटात जमवून चालत नाही. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. भीमजयंती काढल्याच्या रागातून तो झाल्याचा आरोप आहे. अशा वेळी हजारो लोक रस्त्यावर येतात, आणि आलेच पाहिजेत. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली ६० दिवसांत तपास पूर्ण झाला का, कुटुंबाला शासकीय मदत मिळाली का, साक्षीदारांच्या पाठीशी कोण उभे आहे, हे पाहायला मोर्चा पुरत नाही. त्याला दर आठवड्याला भेटणारी माणसे लागतात.

म्हणून आम्ही सुचवतो :

१. दर रविवारी ठरल्या वेळी वंदना, आणि त्यानंतर तासभर बैठक. दहाच जण आले तरी ती चुकवू नये.

२. जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावावा. निम्मी भांडणे हिशेबावरूनच होतात. डीजेच्या खर्चातला काही भाग अभ्यासिकेला द्यावा.

३. शिकलेल्या दोघा-तिघांनी महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे आणि स्वाधार योजनेचे अर्ज भरून द्यावेत. वसतिगृहात जागा न मिळाल्याने नांदेडला खोली करून राहणाऱ्या मुला-मुलींचे शिक्षण यावर टिकते.

४. समितीत निम्म्या महिला असाव्यात, आणि त्या नावापुरत्या नकोत. दारूबंदी बावीस प्रतिज्ञांत आहे आणि कायद्याचीही वाट आहे : गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर परवानाधारक दुकान बंद होते.

५. ग्रामसभेला एकत्र जावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाचा निधी कुठे खर्च झाला, हे तिथे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

नामांतरासाठी याच जिल्ह्यात पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांनी प्राण दिले. आज समाज आपल्याकडे आठवड्यातला एक तास मागतो आहे. तो देता आला नाही, तर बोधगयेच्या घोषणेला गावात वजन राहणार नाही. येत्या रविवारी किल्ली कोणाकडे आहे ते शोधा आणि कुलूप उघडा.

जयभीम! नमो बुद्धाय!