लेकीसाठी स्की घेताना



आमच्या पुण्याच्या घरात दाराआड, छत्र्यांच्या शेजारी, गेल्या महिन्यापासून दोन लांब पट्ट्या उभ्या आहेत. शेजारच्या खाला आल्या की हमखास विचारतात, "हे काय आणलंत? पडद्याचे रॉड का?" मग थोरली लेक हसत सांगते, "खाला, या स्की. बर्फावर पायात घालतात." खालांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पुण्यात बर्फ कुठे गं?"

प्रश्न रास्त आहे. स्कीची किंमत ऐकून आम्ही दोघं नवरा-बायकोही हेच म्हणालो होतो. बाइंडिंगसकट नवी जोडी म्हणजे एका स्कूटरच्या निम्म्याहून जास्त पैसे. लेकीनं शिकवण्या घेऊन तीन वर्षं पैसे जमवले होते, ईदीसुद्धा त्यातच टाकली होती. तरी पैसे तिचे असले म्हणून वाटेल तसे उडवावेत असं नाही. म्हणून ठरलं की आधी वेगवेगळ्या जोड्या वापरून पाहायच्या आणि मग घ्यायचं की नाही ते बघायचं. पण आमच्या मनात पैशापेक्षा मोठी चिंता होती, तिच्या गुडघ्याची.

तीन वर्षांपूर्वी ती मैत्रिणींबरोबर गुलमर्गला प्राथमिक अभ्यासक्रमाला गेली आणि स्कीचं वेड घेऊन परतली. गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेली. तिथं एका दुकानातून भाड्यानं सामान घेताना तिला वजन, उंची आणि वय विचारलं. शेवटचा प्रश्न होता, स्की कशी चालवता? सावकाश, मध्यम की जोरात? सोबत मैत्रिणी उभ्या होत्या. लेक म्हणाली, "जोरात."

या एका शब्दाचं महत्त्व आम्हाला नंतर कळलं. बूट ज्या सापळ्यात अडकवतात त्याला बाइंडिंग म्हणतात. चालवताना त्यानं बूट घट्ट धरायचा आणि पडताना सोडायचा. किती जोर आला की सोडायचा, हे पेच फिरवून ठरवतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि चालवण्याची पद्धत यांवरून तक्त्यात आकडा मिळतो. "जोरात" म्हटलं की आकडा वर जातो आणि बूट उशिरा सुटतो, कारण वेगात चालवणाऱ्याची स्की मध्येच निसटली तर तेही धोक्याचं असतं. आमची लेक मात्र हळू चालली असतानाच पडली. स्की पायातून सुटलीच नाही. गुडघा पिळवटला आणि सहा आठवडे पट्टा बांधून बसावं लागलं.

बूट वेळेवर सुटला असता तर गुडघा वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. बाइंडिंग सुटलं तरी गुडघ्याला इजा होऊ शकते, असं ते म्हणाले. अस्थिबंध ताणला होता, तुटला नव्हता, यासाठी आम्ही अल्लाहचे आभार मानले. दुकानदाराला दोष देता येईना. त्यानं विचारलं, हिनं सांगितलं, त्यानं तसा पेच फिरवला. हे लेकीनं आम्हाला सांगितलं ते तीन महिन्यांनी, रात्री भांडी आवरताना, मान खाली घालून. तेव्हाच आम्ही ठरवलं की पुढच्या खेपेला आपणही सोबत जायचं.

जानेवारीच्या अखेरीस श्रीनगरहून निघालो. गुलमर्ग तिथून पन्नासेक किलोमीटर. टंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या आणि वळणं चढत सुमारे २,६५० मीटर उंचीवर पोहोचलो. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, संपत आला होता. इथं स्की काही कालपरवा आलेली नाही. १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी इथंच स्की क्लब काढला होता. आज गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवटच्या माथ्याजवळ, ३,९०० मीटरच्या पलीकडे. वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. आम्ही पहिल्या टप्प्याच्या वर जायचं नाही, हे घरूनच ठरवून निघालो होतो.

स्की विकणारे आणि भाड्यानं देणारे एक वयस्क चाचा भेटले. आम्ही जोड्या पाहायला लागलो तर त्यांनी आधी लेकीला स्टुलावर बसवलं, जाड मोजे काढायला लावले आणि पाऊल मोजलं. साडेतेवीस सेंटिमीटर. स्कीच्या बुटाचं माप पावलाच्या सेंटिमीटरमध्येच असतं. मागची दोन वर्षं ती पंचवीसचा बूट घालत होती, कारण तो "आरामशीर" वाटायचा. चाचा म्हणाले की सैल बुटात पाऊल आत हलतं आणि पायाचा इशारा स्कीपर्यंत पोहोचत नाही. एकच पातळ मोजा घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकावीत, तो बूट बरोबर. पहिल्या दिवशी तो अडचणीचा वाटतो, म्हणून लोक मोठा घेतात. त्यांचा सल्ला असा होता की पैसे कमी असतील तर आधी बूट घ्या आणि स्की भाड्यानं चालू द्या.

दुसरी गोष्ट ओढणीची. मुली हेल्मेटखाली जाड स्कार्फ गाठ मारून बांधतात, मग हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. पिनाही टोचतात. त्याऐवजी डोकं, कान आणि गळा झाकणारी पातळ लोकरी टोपी घातली की परदाही होतो आणि हेल्मेटही घट्ट बसतं. अम्मीच्या मनातली एक काळजी तिथंच मिटली.

आता जोड्यांकडे येऊ. स्कीचे तीन आकडे पाहायचे असतात. एक लांबी. दुसरा कमरेची रुंदी, म्हणजे बुटाखालचा सर्वांत अरुंद भाग, मिलिमीटरमध्ये. तिसरा वळणाची त्रिज्या, मीटरमध्ये. त्रिज्या जितकी कमी, तितकी स्की छोट्या वळणात वळते. शिवाय स्की कडक की लवचीक हेही असतं. तंगमर्ग-गुलमर्गचाच मुलगा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. तो स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन शर्यतींत उतरला. पुरुषांच्या स्लॅलमला स्की किमान १६५ सेंटिमीटर लागते आणि जायंट स्लॅलमला किमान १९३. माणूस एकच, पण काम बदललं की स्की बदलते. म्हणजे "सर्वांत चांगली स्की कोणती?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी आणि कोणत्या उतारासाठी, हे आधी विचारायला हवं.

लेकीची उंची १६०. पहिल्या दिवशी तिनं घेतली १७२ लांबीची, १०६ मिलिमीटर कमरेची रुंद जोडी. गुलमर्ग ताज्या भुसभुशीत बर्फासाठी नावाजलेलं आहे. रुंद स्की अशा बर्फावर तरंगते, म्हणून तिथले पटाईत लोक तीच वापरतात. रंगही झकास होता, धाकटा तर त्यावरच फिदा. उताराच्या कडेला ताजा बर्फ होता तिथं लेक मजेत गेली. पण मधल्या दाबलेल्या बर्फावर आली की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला स्की वेळ घ्यायची आणि दुपारपर्यंत मांड्या भरून आल्या.

दुसऱ्या दिवशी १५५ ची, ७२ मिलिमीटरची, अरुंद आणि कडक जोडी. सकाळचा बर्फ रात्रीच्या थंडीनं टणक झालेला असतो. त्यावर ती सुरीसारखी चालली. लेक खाली येऊन म्हणाली, "अब्बू, हीच!" जेवणानंतर तोच उतार लोकांच्या जाण्या-येण्यानं ढिगाढिगांचा झाला. मग कडक स्की प्रत्येक ढिगावर उसळायला लागली. ती दोनदा पडली. आम्ही खाली उभे होतो, दोन्ही वेळा अम्मीच्या तोंडून "या अल्लाह" निघालं.

तिसरी जोडी १५८ ची, ८८ मिलिमीटरची, मध्यम लवचीक, टोक थोडं वर उचललेलं, रंगानं करडी. तिला ती "साधी" वाटली. पण चाचांनी एक पत्त्याची गोष्ट सांगितली. रोज बर्फ वेगळा असतो. सोमवारच्या जोडीची बुधवारच्या जोडीशी तुलना केली तर तुम्ही स्की पारखत नाही, हवामान पारखता. शिवाय एकीच्या कडा धारदार आणि दुसरीच्या बोथट असतील तर तीही तुलना खोटी. त्यांनी तिन्ही जोड्यांच्या कडांना सारखी धार लावली, तळाला सारखं मेण लावलं आणि तिन्ही सोबत दिल्या.

त्या दिवशी एकाच उतारावर, त्याच बुटांत, एकामागून एक तिन्ही चालवल्या. प्रत्येक फेरीनंतर लेकीनं वहीत दोन ओळी लिहिल्या, कोणाशी बोलण्याआधी. जुहरच्या वेळी थांबलो. ते बूट काढा-घालायलाच दहा मिनिटं लागतात. मग पुन्हा सुरुवात. शेवटची फेरी मुद्दाम तीननंतर, पाय थकल्यावर. ताजेतवाने असताना कोणतीही स्की चांगली वाटते. माणूस पडतो तो बहुधा दमल्यावर.

संध्याकाळी वही वाचली. रुंद जोडीपुढे लिहिलं होतं, "बर्फ खोल असेल तरच." अरुंदपुढे, "सकाळी छान, दुपारी भीती वाटली." करडीपुढे सकाळी लिहिलं होतं, "विशेष काही नाही," आणि शेवटच्या फेरीनंतर, "स्कीचा विचारच आला नाही, फक्त वळणांचा आला." पुढे बोलायचं फारसं उरलं नाही. धाकटा मात्र अजून रुंद जोडीचं नाव काढतो.

करडी जोडी घेतली. बाइंडिंग लावताना चाचांनी तेच प्रश्न विचारले. वजन, उंची, वय. मग म्हणाले, "सच बताना बेटा, कैसे चलाती हो?" या वेळीही दुकानात पोरं उभी होती, आमच्या लेकीपेक्षा कितीतरी चांगली चालवणारी. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आहिस्ता, चाचा." चाचांनी तक्ता पाहिला आणि पेच फिरवला. गेल्या वर्षीपेक्षा आकडा बराच खाली होता. मग बूट अडकवून, बाजूला आणि पुढे जोर देऊन तो सुटतो की नाही हे तिच्यासमोर तपासलं. पुढचे दोन दिवस ती चार वेळा पडली. एकदा स्की सुटून बाजूला पडली आणि लेक बर्फात बसून हसत होती.

आमच्या अनुभवातून एवढंच सांगू. मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकत असतील तर भाड्याचंच सामान बरं. वर्षातून चारच दिवस जाणार असाल तर तिसऱ्या वर्षीही तेच बरं. आमची लेक दरवर्षी दोन-तीन आठवडे जाते आणि पुढे प्रशिक्षक व्हायचं म्हणते, म्हणून आम्ही हा खर्च केला. सामान भाड्याचं असो की स्वतःचं, बाइंडिंगचा आकडा दरवर्षी तपासून घ्या. मुलांचं वजन आणि उंची बदलते, बूट बदलतात. आणि दुकानदार विचारतो तेव्हा मुलाच्या शेजारी उभे राहा, पण उत्तर त्यालाच देऊ द्या. घरून निघतानाच त्याला सांगून ठेवा की इथं मोठेपणा सांगितला तर तो गुडघ्याला भोगावा लागतो.

आता काळजी पावसाळ्याची. पुण्याच्या दमट हवेत स्कीच्या पोलादी कडांवर गंज चढतो. म्हणून त्या पुसून, कोरड्या करून, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्यायचा आणि हिवाळ्यात खरवडून काढायचा. मेण पातळ करायला घरातली जुनी इस्त्री लेकीनं मागितली आहे. अम्मीनं अजून होकार दिलेला नाही.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह. अल्लाह हाफिज.