गिऱ्हाईक घाटावर, पैसा घाटाखाली

श्रावण लागला की नांदगाव खंडेश्वर, दर्यापूर, मूर्तिजापूर या गावांतून शनिवार-रविवारी गाड्या चिखलदऱ्याकडे निघतात. परतवाडा मागे टाकून घाट चढला की धुके लागते आणि त्याबरोबर भूकही लागते. भाजलेले कणीस, आलूबोंडा, गरम भजी, कढईतली रबडी आणि परततांना घरच्यांसाठी खव्याची पुडी, ही वऱ्हाडी कुटुंबाची वर्षाकाठची चैन होय. हे लोक कोणी धनदांडगे नव्हेत. त्यांत शिक्षक आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, डवरणी उरकून आलेले लहान शेतकरी आहेत. त्यांच्या विरंगुळ्यावर नाक मुरडणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. प्रश्न निराळा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरील, जेमतेम पाच हजार वस्तीच्या या गावात पर्यटक खाण्यापिण्यावर जो रुपया खर्च करतो, तो रुपया अखेर जातो कोठे?

त्याच्यापुढे आलेल्या ताटाचाच हिशेब करून पाहावा. त्यातील गहू, तांदूळ, तेल, बेसन, बटाटे हे सारे घाटाखालच्या बाजारपेठेतून चढून येते. ज्या भांडवलावर हॉटेल उभे राहते ते बहुतांशी मैदानातले असते आणि नफाही तिकडेच परततो. पठाराच्या वाट्याला दूध, मक्याची कणसे, थोडा भाजीपाला आणि अलीकडे मोथा परिसरातील स्ट्रॉबेरी एवढेच येते. परंतु जो माल पठाराचा, त्याचा भाव तरी पठारावरचा उत्पादक ठरवतो काय? दूध नासणारा जिन्नस. शीतकरणाची सोय नाही, घाट उतरून जाण्याइतका वेळ नाही, म्हणून गवळी ते आटवून त्याचा खवा करतो. खवाही फार दिवस टिकत नाही. ज्याला आजच विकणे भाग आहे तो उत्पादक आणि जो उद्याही विकत घेऊ शकतो तो व्यापारी, या दोघांमधील सौद्याला खुला बाजार म्हणणे ही अर्थशास्त्राची थट्टा आहे.

आठवडी बाजारात हेच दृश्य अधिक उघडे होते. कोरकू शेतकरी सुगीनंतर मीठ-तेल-कापडासाठी धान्य पडत्या भावाने घालतो आणि आषाढात तेच धान्य चढत्या भावाने विकत घेतो. स्वस्तात विकणे आणि महागात घेणे हा त्याचा दुहेरी तोटा. आणि तोच दुकानदाराचा दुहेरी नफा. इंग्रजी राजवटीत हिंदुस्थानची संपत्ती विलायतेला कशी वाहून जाते याची मांडणी दादाभाई नौरोजींनी केली होती. तीच निचऱ्याची क्रिया एका डोंगरापुरती पाहावयाची असेल, तर तिच्यासाठी मेळघाटाहून दूर जाण्याची गरज नाही.

आणि या निचऱ्याची किंमत कोणी मोजली? १९९३ साली मेळघाटातील बालकांच्या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. १९९५ साली नवसंजीवनी योजना आली, तिच्यामागून इतर अनेक योजना आल्या. आणि तरीही मेळघाटातील बालमृत्यूंची सुनावणी न्यायालयात अलीकडच्या वर्षांपर्यंत चालूच राहिली. या मृत्यूंचे खापर कोरकूंच्या अज्ञानावर, अंधश्रद्धेवर फोडण्याची सवय नोकरशाहीला जडलेली आहे. वस्तुतः अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, अन्न उपलब्ध असूनही माणसे उपाशी मरतात, कारण त्या अन्नावर त्यांचा हक्क प्रस्थापित झालेला नसतो. चिखलदऱ्याच्या बाजारात अन्नाची टंचाई नाही. टंचाई आहे ती कोरकू बाईच्या हातातील पैशाची आणि तिच्या मालाला मिळणाऱ्या भावाची.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कुटकीचे आहे. कुटकी, सावा, कोदो ही या डोंगराची जुनी धान्ये. हलक्या जमिनीत, बेभरवशाच्या पावसात ती तग धरतात आणि घरात साठवता येतात. गेल्या काही दशकांत त्यांची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. कुटकी हटली ती चवीमुळे नव्हे, तर तिला गिऱ्हाईक नव्हते म्हणून. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी आहेत, कुटकी नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून थाटाने साजरे झाले आणि शहरातील दुकानांत कुटकीच्या सुबक पिशव्या चढ्या दराने झळकू लागल्या. हे करता येणे अशक्य होते असेही नाही. छत्तीसगड सरकारने २०२१-२२ मध्ये कोदो-कुटकीला क्विंटलमागे ३००० रुपयांच्या घरात भाव जाहीर करून खरेदी केली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद आहे. १ जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवरील धान्य मोफतही झाले. परंतु रास्त भाव दुकानात येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ, तोही दूरवरून. डोंगराने आपले धान्य सोडावे आणि परक्या धान्यासाठी रांगेत उभे राहावे, यालाच विकास म्हटले जात आहे.

‘पर्यटनामुळे रोजगार मिळतो’ असे उत्तर यावर तयारच असते. मिळतो, हे खरे. ताटे विसळण्याचा, ओझी वाहण्याचा, हंगामापुरता मिळतो. पावसाळी गर्दी ओसरली की तोच तरुण दिवाळीनंतर कामाच्या शोधात मैदानात उतरतो. सिडकोने हाती घेतलेल्या स्कायवॉकसाठी सरकारजवळ कोट्यवधी रुपये आहेत. दूध थंड ठेवणाऱ्या केंद्रासाठी आणि धान्याच्या गोदामासाठी मात्र निधीचा प्रश्न उपस्थित होतो. हरिसालला २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून गौरवण्यात आले. पैसे देण्याची रीत बदलली, भाव ठरविण्याची सत्ता जिथल्या तिथेच राहिली.

ही सत्ता मागण्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. चिखलदरा आणि धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभा व पंचायतींकडे गावबाजाराचे व्यवस्थापन, गौण वनोपजाची मालकी आणि सावकारीवरील नियंत्रण सोपविले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियमही केले. चिखलदरा गाव नगरपरिषदेचे असल्याने हा कायदा गावठाणात चालत नाही. पण तेथे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या असतात व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. कणसे विकणारी बाई सुशोभीकरणाच्या आड येते म्हणून हटविली जाते, तेव्हा हा कायदा हाती घेणारा कोणी तिच्या पाठीशी उभा राहतो काय?

संघटनेने काय साधते हे मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरने दाखविले आहे. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर त्या गावाने उजाड डोंगर राखला आणि आपली सीताफळे स्वतःच्या नावाने मुंबईपर्यंत पोचविली. जंगल तेच, फळ तेच. विकणारा बदलला म्हणून भाव बदलला.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कुटकी-साव्याची हमीभावाने सरकारी खरेदी व्हावी आणि ते धान्य तेथल्याच रास्त भाव दुकानांत व अंगणवाड्यांत जावे. दूध-खव्यासाठी उत्पादकांची सहकारी संस्था व शीतकरण केंद्र उभारावे. सरकारी पर्यटक निवास आणि उपाहारगृहांनी ठराविक हिस्सा ग्रामसभा व महिला बचत गटांकडून घ्यावा. आठवडी बाजार ग्रामसभांच्या ताब्यात द्यावेत.

या मागण्या आदिवासींच्या म्हणून मैदानातल्या कार्यकर्त्याने दुरून पाठिंबा देण्याजोग्या आहेत, असेही समजू नये. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये असतांना नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्याला बाजारात त्याहून बऱ्याच कमी भावाने माल घालावा लागला. त्याला लुटणारी व्यवस्था आणि कोरकूला उपाशी ठेवणारी व्यवस्था एकच आहे. पुढच्या श्रावणात घाट चढणाऱ्या कार्यकर्त्याने रबडी अवश्य खावी. पण त्या दुधाचे गवळ्याला काय मिळाले हे विचारावे, आणि उत्तर घेऊन तालुक्याच्या बैठकीत यावे. लढ्याची सुरुवात तेथूनच होईल.