पावसाआधी पलटणीची ट्रंक उघडू या

२२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. तळियेवर दरड आली, पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. अशा वेळी कागदांचं दुःख कोण करणार? पण आपण जो चिखल उपसून बाहेर टाकला, त्यात कुणाचं डिस्चार्ज बुक, कुणाची छावणीतली वही, कुणाची आघाडीवरून आलेली पत्रं असणारच.

आपला मुलूख फौजींचा. महाड तालुक्यात तर एका गावाचं नावच फौजी आंबवडे. पहिल्या महायुद्धाला तिथून १११ जण गेले, त्यातल्या ६ जणांना वीरमरण आलं. इराकमधल्या कूटच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपासमार सोसली आणि एप्रिल १९१६ मध्ये कैद पत्करली. शेजारच्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. मोठी नावं दगडावर कोरली जातात. पण थंडीत पाय कसे जपले, घरची मनीऑर्डर पोचली का, शेजारचा गडी पडला तेव्हा काय वाटलं, हे वहीतच सापडतं.

आणि हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. पोटाचाही आहे.

अपंगत्वाची पेन्शन मागणाऱ्या फौजीला विचारतात: दुखापत किंवा आजार नोकरीमुळे झाला का, की नोकरीमुळे बळावला? उत्तराला तारीख लागते, ठाणं लागतं, इस्पितळाचं नाव लागतं. सत्तरीतल्या माणसाला ते आठवेलच असं नाही. वहीतल्या एका ओळीवर पेन्शन मंजूर होत नाही, हे खरं. पण तीच ओळ हाती असली की रेकॉर्ड ऑफिसकडे नेमका कोणता कागद मागायचा ते कळतं.

कायदाही अनेकदा फौजीच्या बाजूने उभा राहिला आहे. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे जडला, तर तो नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं. पात्र अपंगत्व ५० टक्क्यांहून कमी असेल तरी पेन्शनसाठी ते ५० धरायचं, हा लाभ मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही डिसेंबर २०१४ मध्ये मिळाला. (सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत, ते वेगळे विचारून घ्या.) हक्क आहे, पण आपल्या वाड्यांपर्यंत त्याची बातमी पोचत नाही.

लिहिणाऱ्या फौजीची परंपरा आपलीच. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झाले आणि त्यांनी लेखणी उचलली. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरकारसाठी मराठीत विनंतीपत्र लिहिलं. कुणीतरी ते जपलं, म्हणून आज अभ्यासकांना वाचता येतं.

मग आपण काय करायचं? मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हाच पोटमाळ्यावरची ट्रंक खाली काढू. प्रत्येक पानाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो घेऊ, एक प्रत मुंबईतल्या भावाकडे ठेवू. ओल लागलेली पानं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवू. इस्त्री नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. कागद ट्रंकेतून काढून प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, उंचावर ठेवू. मोडी कुणाला वाचता येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींना विचारू. त्यांना नाही आली तर जाणकार शोधू.

आजोबा हयात असतील तर त्यांच्याजवळ बसू आणि पलटण, ठाणं, साल, जखम त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊ. आजी असेल तर तिलाही विचारू. फौजीच्या घराचा हिशोब तिनेच सांभाळलेला असतो. आणि ज्यांची पेन्शन अडली आहे त्यांना एकटं अलिबागला पाठवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत कागदांची फाईल घेऊन आपल्यातला एक तरी जाणता तरुण जाऊ दे. येत्या पावसाआधी निदान आपल्या वाडीतल्या एका फौजीचं दार वाजवा.