रेपोचं सोवळं

पासवर्ड, टोकन, खासगी किल्ल्या गिटमध्ये टाकायच्या नाहीत, यावर सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोणाचं दुमत नाही. माझंही नाही. पण या नियमाला हल्ली एक शेपूट जोडलं जातं: 'एन्क्रिप्ट करूनसुद्धा नाही.' मर्ज रिक्वेस्टमध्ये एन्क्रिप्ट केलेली एखादी फाइल दिसली, की सीनियर मंडळी विटाळ झाल्यासारखा चेहरा करतात आणि 'व्हॉल्ट वापरा' एवढं लिहून मोकळी होतात. माझं भांडण आहे ते या शेपटाशी. पाच-पंधरा माणसांच्या टीमने आपली गुपितं एन्क्रिप्ट करून खुशाल रेपोत ठेवावीत. अट एकच: ते गुपित उद्या सकाळी बदलून जुनं निकामी करता आलं पाहिजे. जे बदलताच येत नाही, ते मात्र एन्क्रिप्ट करूनही ठेवू नये.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो लेचापेचा नाही. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं, आणि त्याचा स्वभावच काही न विसरण्याचा आहे. पुढच्या कमिटमध्ये फाइल उडवली, तरी मागच्या कमिटमध्ये ती शाबूत असते आणि रेपो क्लोन करणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर उतरते. 'रिमूव्ह पासवर्ड' असा मेसेज लिहून केलेलं कमिट म्हणजे चोराला घरपोच दिलेला पत्ता; त्याने फक्त एक कमिट मागे जायचं. याची किंमत मोजलेल्या कंपन्या लहानसहान नाहीत. २०१६ मध्ये चोर उबरच्या प्रायव्हेट रेपोत शिरले. कोडमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली उघडी पडलेली होती. तिच्या जोरावर त्यांनी ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती उतरवून घेतली. कंपनीने एक लाख डॉलर देऊन प्रकरण दाबलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये ते फुटलं, आणि २०२२ मध्ये ज्यूरीने तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखाला दोषी ठरवलं. टोयोटाची गोष्ट तर आणखी साधी. एका कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये टी-कनेक्ट सेवेचा काही कोड गिटहबवर सर्वांसाठी खुला टाकला, त्यात सर्व्हरची किल्ली होती, आणि हे सप्टेंबर २०२२ पर्यंत कोणाच्या ध्यानातच आलं नाही. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते त्या काळात उघडे होते.

आता या दोन्ही प्रकरणांतून सोवळेवाले जो निष्कर्ष काढतात, तो त्यांतून निघतच नाही. दोन्हीकडे किल्ली उघडी होती. एन्क्रिप्ट केलेली फाइल फुटल्याचं उदाहरण मागितलं की पुन्हा उबरच पुढे केलं जातं! उबरच्या चोरांकडे रेपो वाचण्याचा अधिकार होता, म्हणून तर ते आत आले. पण फाइल एन्क्रिप्ट केलेली असती आणि ती उलगडण्याची किल्ली रेपोत नसती, तर त्यांच्या हाती निरर्थक बाइट्स लागले असते. उबरचं प्रकरण खरं तर दुसऱ्याच एका पंथाचं तोंड बंद करतं. 'आमचा रेपो प्रायव्हेट आहे, एन्क्रिप्ट कशाला करायचं?' असं म्हणणारा तो पंथ. उबरचाही प्रायव्हेटच होता. त्यांच्याशी याहून जास्त वाद घालण्यात अर्थ नाही.

सोवळं पाळल्यावर प्रत्यक्षात काय होतं, ते मात्र कोणी पाहत नाही. गुपित रेपोतून बाहेर काढलं म्हणजे ते नाहीसं होत नाही, दुसरीकडे जाऊन बसतं. डॉट-ईएनव्ही फाइल गिटइग्नोरमध्ये टाकली की नियम पाळला गेला, आणि मग नवा मुलगा जॉइन होतो.

"दादा, एनव्ही फाइल कुठंय?"

"ग्रुपवर पिन केलीय बघ. पण त्यातली पेमेंटची की जुनी आहे. नवी सरांकडून घे, ते मेल करतील."

हिंजवडीत काय, खराडीत काय, हा संवाद ज्याने ऐकला नाही त्याने डेव्हलपर म्हणून काम केलेलं नाही. त्या एका फाइलच्या प्रती व्हॉट्सॲपवर, मेलमध्ये, कोणाच्या तरी डाउनलोड्समध्ये आणि एका शेअर केलेल्या एक्सेल शीटमध्ये पडलेल्या असतात. त्यातली खरी कुठली, कोणी कधी बदलली, का बदलली, याचा मागमूस नाही. रेपो स्वच्छ राहतो आणि गुपित गावभर होतं. आणि हेच लोक गिटच्या न विसरण्याला घाबरतात, जणू व्हॉट्सॲप विसरतं.

तेच गुपित एन्क्रिप्ट होऊन रेपोत असतं, तर ज्या कमिटमध्ये कोड नव्या गेटवेकडे वळला त्याच कमिटमध्ये गेटवेची किल्लीही बदलली असती, खाली बदलणाऱ्याचं नाव असतं आणि वर रिव्ह्यू करणाऱ्याची सही. रात्री दोनला रिलीज मागे घ्यावं लागलं, तर कोडबरोबर सेटिंगही मागे गेलं असतं. कोड आणि त्याला लागणारी गुपितं यांची फारकत झाली की कोणत्या आवृत्तीला कोणता पासवर्ड हे एखाद्या माणसाच्या डोक्यात राहतं, आणि तो माणूस नेमका सुट्टीवर असतो.

यावर उत्तर तयार असतं: व्हॉल्ट. हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट असो की क्लाउड कंपन्यांचे सिक्रेट मॅनेजर, ही साधनं उत्तमच आहेत. मागणीनुसार तासाभराचा पासवर्ड तयार करून देणं, कोणी काय वाचलं याची नोंद ठेवणं, हे रेपोतल्या फाइलला जमणार नाही. शेकडो सर्व्हिस चालवणाऱ्या बँकेने व्हॉल्टच वापरावं. पण हा उपदेश सगळ्यांना सरसकट केला जातो, तिथे घोडं अडतं. व्हॉल्ट स्वतः चालवायचं म्हणजे तो एक सतत जागा ठेवायचा सर्व्हर. मूळ घडणीनुसार तो रीस्टार्ट झाला की कुलूपबंद उठतो, आणि उघडायला किल्लीच्या पाच तुकड्यांपैकी तीन जमवावे लागतात. पाच जणांच्या टीममध्ये ते तीन तुकडे कोणाकडे असतील? तिन्ही त्या एकाच डेव्हऑप्सवाल्याकडे. शिवाय व्हॉल्टमध्ये शिरायला टोकन लागतं, ते टोकन कुठे ठेवायचं? पहिलं गुपित कुठेतरी ठेवावंच लागतं. रेपोच्या बाबतीत ते उलगडण्याच्या किल्लीचं रूप घेतं, व्हॉल्टच्या बाबतीत टोकनचं. प्रश्न तोच, भाडं तेवढं जास्त.

आणि एन्क्रिप्ट करून रेपोत ठेवणं हा कोणा गल्लीतल्या टीमचा जुगाड आहे, असंही नाही. रेल्सने २०१८ च्या ५.२ आवृत्तीपासून हीच पद्धत आपली शिरस्त्याची केली: एन्क्रिप्ट केलेली क्रेडेन्शियल्स फाइल कमिट करायची, मास्टर की बाहेर ठेवायची. 'सायफरटेक्स्ट लोकांना दिसतंच ना?' हा आक्षेप तर एकोणिसाव्या शतकातच निकालात निघाला आहे. पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ मध्ये लिहून ठेवलं, की अख्खी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली.

इथवर वाचून ज्यांनी माना डोलावल्या असतील, त्यांच्यातल्या काहींचाही समाचार घ्यायला हवा. आमच्या बाजूला गिट-क्रिप्ट बसवून हात झटकणारे बरेच आहेत. साधन वाईट नाही. अँड्र्यू आयर यांनी लिहिलेलं हे साधन गिटच्याच फिल्टरवर चालतं: कमिट करताना फाइल एन्क्रिप्ट होते, चेकआउट करताना उलगडते, डेव्हलपरला कळतही नाही. पण कळत नाही, हाच त्याचा घात. गिट-ॲट्रिब्यूट्समधली ओळ लिहायच्या आधी फाइल कमिट झालेली असेल, तर इतिहासात ती उघडीच राहते. कोणी घाईत ब्राउझरमधूनच फाइल दुरुस्त करून कमिट केली, तर फिल्टर चालतच नाही आणि फाइल उघडी जाते. कोणी ओरडत नाही. फाइलची नावं आणि कमिट मेसेज कधीच झाकले जात नाहीत, त्यामुळे 'अमुक बँक प्रॉडक्शन सर्टिफिकेट' असं नाव देणाऱ्याने अर्धं गुपित स्वतःच सांगून टाकलेलं असतं. रिव्ह्यू करणाऱ्याला फरक म्हणून दिसतो एक बायनरी गोळा. मग रिव्ह्यूची जी बढाई आपण वर मारली तिचं काय झालं? आणि एकदा कोणाला दिलेला प्रवेश मागे घेण्याची सोय त्यात नाही, हे त्याच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलं आहे. ते वाचतो कोण?

म्हणून माझं मत सॉप्सच्या बाजूने पडतं. मोझिलात जन्मलेलं हे साधन २०२३ पासून क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे आहे. ते सबंध फाइल झाकत नाही, फक्त किमती झाकतं. याम्ल फाइल उघडली तर 'डेटाबेस', त्याखाली 'युजर', 'पासवर्ड' ही नावं जशीच्या तशी वाचता येतात, आणि प्रत्येकासमोर कंसात एईएस-२५६ ची न उलगडणारी अक्षरमाळ. एक पासवर्ड बदलला की फरकात त्याची ओळ दिसते, शिवाय तळाशी बदलाची वेळ आणि शिक्का. बाकी फाइल जागची हलत नाही. रिव्ह्यू करणाऱ्याला नवी किंमत कळत नाही, पण गेटवेची किल्ली बदलायची होती आणि डेटाबेसचीही बदलली गेली, हे लगेच कळतं. प्रत्येक किंमत तिच्या जागेशी बांधलेली असते, त्यामुळे टेस्टची अक्षरमाळ उचलून प्रॉडक्शनच्या जागी कोणी चिकटवली तर उलगडताना ती नाकारली जाते. फाइलच्या तळाशी आणखी एक यादी असते: ही फाइल कोणाकोणाच्या किल्लीने उघडते.

सगळ्यात भारी वाटणारा आक्षेप याच यादीपाशी निकालात निघतो. आक्षेप असा: माणूस कंपनी सोडून गेला, यादीतून त्याचं नाव काढलं, फाइल नव्याने एन्क्रिप्ट केली, तरी जुनी आवृत्ती इतिहासात आहे आणि त्याची किल्ली त्याच्याकडे आहे, मग फायदा काय? शंभर टक्के खरं. एन्क्रिप्शन दिलेलं ज्ञान परत घेत नाही. पण व्हॉल्ट तरी कुठे घेतं? त्याने एकदा वाचलेला कायमचा पासवर्ड व्हॉल्टमधून त्याचं खातं काढल्याने त्याच्या वहीतून पुसला जात नाही. दोन्हीकडे इलाज एकच, पासवर्ड बदलणं. फरक असा की रेपोत शोध मारला की त्या माणसाची किल्ली कोणकोणत्या फायलींना लागत होती ते दोन मिनिटांत कळतं, म्हणजे नेमकं काय बदलायचं त्याची यादी हातात येते. व्हॉट्सॲपवर पिन केलेल्या फाइलच्या बाबतीत ती यादी कोण देणार?

खरा आजार इथे आहे. गिटगार्डियन या कंपनीने एकट्या २०२४ मध्ये गिटहबवरच्या सार्वजनिक रेपोंत २ कोटी ३८ लाख नवी गुपितं मोजली. त्याहून बोलका त्यांचा दुसरा आकडा: २०२२ मध्ये सापडलेल्या चालू गुपितांपैकी ७० टक्के नंतरही चालूच होती. म्हणजे फुटलं हे कळूनही कोणी बदललं नाही. सोवळेवाले ठेवण्याच्या जागेवरून वाद घालत बसतात, आणि पासवर्ड चार-चार वर्षं तोच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पुढेमागे मोठे क्वांटम संगणक आले तर आजच्या सार्वजनिक किल्ल्यांचं गणित फुटेल, ही भीतीही खोटी नाही. पण तेव्हा इतिहासात सापडणारा पासवर्ड कधीच रद्द झालेला असेल, तर सापडून उपयोग काय? तिमाहीला बदलणाऱ्याला ही भीती घालता येत नाही.

उलगडण्याची किल्ली स्वतः कुठे असावी, यावर फार लिहीत नाही. प्रत्येक डेव्हलपरची आपापल्या लॅपटॉपवर, पाइपलाइनची स्वतंत्र, आणि प्रॉडक्शनच्या फायलींच्या यादीत मोजकीच नावं. त्याच रेपोच्या रीडमीमध्ये किल्ली लिहून ठेवणारेही भेटतात. कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवण्याचाच तो प्रकार.

राहिली माझी अट, आणि तिच्या बाबतीत मी सोवळेवाल्यांहून कडक आहे. पासवर्ड बदलता येतो, टोकन रद्द करता येतं, सर्टिफिकेट नवं काढता येतं. माणसाचा आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख, रक्ताचा अहवाल हे फुटल्यावर काय बदलणार? तरीही पासवर्डवरून रणं माजवणाऱ्या टीमच्या टेस्ट फोल्डरमध्ये प्रॉडक्शनमधून उचललेल्या शंभर-दोनशे ग्राहकांच्या खऱ्या ओळी सर्रास सापडतात. 'टेस्ट डेटा आहे, चालतं' म्हणे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि फोल्डरचं नाव टेस्ट असल्याबद्दल सूट नाही. असल्या फाइलवर गिट-क्रिप्ट नको, सॉप्सही नको. बनावट नावं, बनावट क्रमांक तयार करणाऱ्या लायब्ररी फुकट मिळतात.

अशी फाइल आधीच रेपोत गेली असेल, तर ती पुढच्या कमिटमध्ये उडवून काही होत नाही. फिल्टर-रेपो या साधनाने इतिहास नव्याने लिहावा लागतो आणि सर्व्हरवरच्या जुन्या प्रती पुसायला होस्टिंग कंपनीला कळवावं लागतं. त्यानंतर टीममधल्या प्रत्येकाने जुना क्लोन पुसून नवा घ्यायचा. एकाने जरी जुन्या क्लोनवरून पुश केलं, तरी सगळं परत येतं.